गणवेशाविना लढलेली माणसे

युद्धाचा इतिहास पदकांच्या यादीवरून लिहिण्याची प्रथा जुनी आहे. ह्या यादीत ज्यांना सहसा जागा मिळत नाही, त्यांत दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त युरोपात कोसळलेल्या दोस्तराष्ट्रांच्या वैमानिकांना आश्रय देणारी साधी माणसे मोडतात.

हवाई छत्रीने उतरलेला वैमानिक पकडला गेला, तर तो युद्धकैदी ठरे. १९२९ च्या जिनिव्हा कराराचे संरक्षण त्याला होते. त्याला माळ्यावर लपविणाऱ्या गृहिणीला मात्र असा कोणताच आधार नव्हता. सप्टेंबर १९४१ मधील व्याप्त फ्रान्समधल्या जर्मन जाहीरनाम्यात हे उघड बजावले होते : मदत करणारा पुरुष असल्यास गोळी, स्त्री असल्यास जर्मनीतील छळछावणी, आणि पकडून देणाऱ्यास दहा हजार फ्रँकपर्यंत इनाम.

त्याच वर्षी ब्रुसेल्सच्या आंद्रे द याँग ह्या चोवीस वर्षांच्या तरुणीने ‘कॉमेट’ नावाचा गुप्त मार्ग उभारला. ब्रुसेल्सहून पॅरिस, तेथून पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेन आणि पुढे जिब्राल्टर. खोटे दाखले, साधे कपडे, रेल्वेची तिकिटे आणि शिधापत्रिकेवर मोजून मिळणाऱ्या पावातला एक वाटा, ही ह्या लढ्याची शस्त्रे. डोंगरातली वाट दाखवीत ते बास्क तस्कर. लंडनहून पैसा आला, पण सूत्रे आंद्रेने आपल्या माणसांच्याच हाती ठेवली.

सातशेहून अधिक सैनिक व वैमानिक ह्या मार्गाने सुटले. त्याची किंमत इतरांनी मोजली. जानेवारी १९४३ मध्ये सीमेजवळच्या उरुन्य गावी एका शेतघरात आंद्रे पकडली गेली. संघटनेची प्रमुख आपणच, असे तिने सांगितले, तरी एक तरुणी हे करू शकते ह्यावर जर्मनांचा विश्वास बसला नाही. ती छळछावणीतून जिवंत परतली. त्या घराची मालकीण फ्रांचिया उसांदिझागा मात्र राव्हन्सब्रुक छावणीत मेली. आंद्रेचे वडील, शाळेचे मुख्याध्यापक, मार्च १९४४ मध्ये गोळीला बळी पडले.

हे सारे वैमानिकांविषयीच्या भाबड्या प्रेमापोटी घडले, असे मानणे चूक आहे. ५ एप्रिल १९४३ रोजी बेल्जियममधील मॉर्टसेल गावावर अमेरिकन बॉम्ब पडले. कारखान्यावरचा नेम चुकून नऊशेहून अधिक नागरिक ठार झाले. त्यानंतरही बेल्जियन घरांची दारे वैमानिकांसाठी उघडतच राहिली. ह्या माणसांनी कोणत्याही सेनेचा जयजयकार केला नव्हता. दाराशी आलेल्याला जेत्याच्या हवाली करण्यास त्यांनी नकार दिला होता. हुकूम नाही, पगार नाही, माघारीची सोय नाही. असे शौर्य रणांगणावरील शौर्याहून कमी प्रतीचे कसे मानावे?

१९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने व्याप्त प्रदेशातील नागरिकांस मृत्युदंड देण्याचे जेत्याचे अधिकार हेरगिरी, गंभीर घातपात व मनुष्यहत्या अशा मोजक्या गुन्ह्यांपुरते आखले. केवळ आश्रय दिल्याबद्दल गोळी घालण्यास आता कायद्याचा आधार उरलेला नाही. ही मर्यादा आखण्यापूर्वी अनेक मुख्याध्यापक आणि शेतकरणी मरून गेल्या होत्या. आजही जगात जेथे परक्या सैन्याची सत्ता आहे, तेथे हा करार पाळला जातो की नाही, हे विचारणे त्यांच्या वारसांचे कर्तव्य आहे. आणि हा वारसा कोणा एका राष्ट्राचा नाही.