नवी रॅम, काळा पडदा
घरच्या डेस्कटॉपमध्ये नवी रॅम घातल्यावर पडदा काळाच राहिला, तर दोष बहुधा रॅमचा नसतो, बसवण्याचा असतो. विजेची वायर काढून रॅमची पट्टी दोन्ही टोकांना नीट रुतेपर्यंत दाबावी लागते. महागड्या वस्तूवर इतका जोर द्यायला हात धजावत नाही आणि ती अर्धवट राहते. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही प्रकारच्या रॅमना २८८ पिना, पण खाच वेगळ्या जागी, म्हणून एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. चार स्लॉट असतील तर दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. डीडीआर५चे यंत्र पहिल्यांदा सुरू होताना मेमरीची जुळवाजुळव करत काही मिनिटे गप्प बसू शकते. तेवढ्यात बटण दाबण्याची घाई नडते. तरीही जमले नाही, तर एकेक पट्टी एकटी लावून पाहावी, यंत्र सुरू झाल्यावर मेमटेस्ट८६ हा मेमरी तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवावा. दुरुस्तीवाले पिना खोडरबरने घासतात, ते जुन्या, काळवंडलेल्या पिनांसाठी ठीक. नव्या पट्टीवर ते निव्वळ कर्मकांड. जुन्या ८ जीबीशेजारी भलत्याच जातीची ८ जीबी लावणे ही काटकसर नव्हे, कारण दोघी मंद पट्टीच्या वेगाने चालतात, कधी चालतही नाहीत. एकाच पाकिटातली जोडी घ्यावी.