आईचे दूध आणि आईचे दुखणे

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत दवाखान्याच्या एकाच पाटीवर पति-पत्नी अशा दोघा डॉक्टरांची नावे असणे ही नवलाची गोष्ट नाही. एकाने बाळंतिणींना स्तनपानाचे मार्गदर्शन करावे आणि दुसऱ्याने मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांवर उपचार करावेत, ही विभागणी मात्र प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. एक विषय नव्या जीवाच्या आगमनाचा, दुसरा वर्षानुवर्षे सोबत करणाऱ्या विकाराचा. तरीही या दोहोंचा संबंध निकटचा आहे, आणि आपली आरोग्यव्यवस्था तो अद्याप पुरेसा ओळखत नाही.

शरीराची संरक्षक यंत्रणा मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंच्या आवरणावरच उलटते, तेव्हा हा विकार जडतो. कधी दृष्टी अंधूक होते, कधी हातापायांना मुंग्या येतात, कधी चालताना तोल जातो. तो बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान गाठतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक ग्रासतो. म्हणजे संसार मांडण्याचे आणि मुले होण्याचे जे वय, तेच या विकाराचेही वय. बारा युरोपीय देशांतील २५४ स्त्रियांची पाहणी १९९८ साली प्रसिद्ध झाली. गरोदरपणात, विशेषतः अखेरच्या तिमाहीत, विकाराचे झटके कमी होतात आणि प्रसूतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत ते पुन्हा वाढतात, असे तीत आढळले. बाळाला दुधाची सर्वांत निकड असते तेही हेच दिवस.

अशा वेळी घरातल्यांच्या मनात पहिला विचार येतो तो अंगावरचे दूध तोडण्याचा. आई अशक्त, औषधे जहाल, मग बाळाला वरचे दूध बरे, हा तर्क मायेपोटी केलेला असला तरी दर वेळी तो बरोबर नसतो. स्तनपान करणाऱ्या मातांमध्ये प्रसूतीनंतरचे झटके कमी आढळतात, असा निष्कर्ष २०१९ साली अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून निघाला. ज्यांचा विकार मुळात सौम्य, त्याच माता अधिक प्रमाणात पाजत असतील, ही शंका रास्त आहे; म्हणून दूध पाजणे हे औषध ठरत नाही. पण ते अपायकारक आहे, या समजुतीला आधार उरत नाही. औषधांचेही तसेच. इंटरफेरॉन बीटा घेत असताना पाजण्यास युरोपीय औषध नियामकाने २०१९ साली मान्यता दिली. टेरिफ्लुनोमाइड, क्लॅड्रिबिन, फिंगोलिमॉड ही औषधे मात्र पाजणाऱ्या आईने टाळावयाची असतात. कोणते औषध केव्हा सुरू करावे, हा निर्णय मज्जाविकारतज्ज्ञ आणि बाळंतिणीचा डॉक्टर यांनी एकत्र बसून, आणि तोही प्रसूतीपूर्वीच, घ्यावयास हवा.

या दोन्ही कामांची परंपरा मुंबईला नवी नाही. आशियातील पहिली मातृदुग्धपेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू झाली. स्तनपानाच्या प्रसारासाठी देशव्यापी संघटना १९९१ साली वर्ध्यात स्थापन झाली आणि डब्याच्या दुधाच्या जाहिरातबाजीला लगाम घालणारा कायदा १९९२ साली आला. दुसरीकडे मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांची संस्था १९८५ साली याच शहरात उभी राहिली, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या विकाराचा अपंगत्वाच्या यादीत समावेश केला. दोन्ही प्रवाह याच शहरातून वाहिले. पण ज्या आईला दोन्हींची गरज, तिच्या दाराशी ते एकत्र आले नाहीत.

उपनगरातील ही आई तर अधिकच एकाकी. दीड खोलीच्या संसारात सासू किंवा आई गावाहून येते ती महिन्या-दोन महिन्यांपुरती. उष्म्याने या विकाराची लक्षणे तात्पुरती बळावतात, आणि मुंबईचा मे महिना कोणालाच सूट देत नाही. स्टेशनचा जिना, लोकलची गर्दी आणि काखेत बाळ, एवढे सांभाळून दूरच्या मोठ्या रुग्णालयात दोन वेगवेगळ्या दिवशी दोन विभागांच्या रांगेत उभे राहणे तिला कसे जमावे? बाहेरून ती धडधाकट दिसते. तिचा थकवा कोणाला दिसत नाही, म्हणून तो खरा मानला जात नाही.

विकार विरळा, मग त्याच्यासाठी वेगळी व्यवस्था कशाला, असा आक्षेप येईल. परंतु ही व्यवस्था एकट्या या विकारासाठी नव्हे. अपस्मार, क्षय, मनोविकार यांची औषधे घेणाऱ्या प्रत्येक मातेपुढे हाच प्रश्न असतो. आणि निरोगी मातांची स्थिती तरी कुठे समाधानकारक आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेल्या बालकांचे प्रमाण देशात अवघे ४१.८ टक्के होते.

मार्ग खर्चिक नाही. अभय व राणी बंग या डॉक्टर दांपत्याने गडचिरोलीत गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची काळजी घरोघर पोचविली आणि अर्भकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटविले. १९९९ साली जगाने त्याची दखल घेतली. जंगलातल्या पाड्यावर जे साधले, ते घाटकोपरच्या चाळीत साधू नये याला कारण नाही. महापालिकेने उपनगरांतील रुग्णालयांत निदान आठवड्यातून एक दिवस दोन्ही तज्ज्ञांना एका टेबलाशी बसवावे, प्रसूतिगृहातील परिचारिकांना बाळाला अंगावर घेण्याची योग्य पद्धत शिकवण्यास तयार करावे आणि घरभेटीची जोड द्यावी. खासगी दांपत्यांनी आपल्या दवाखान्यातील दोन खोल्यांमधला दरवाजा उघडा ठेवला तरी पुष्कळ होईल.

आईचे दुखणे आणि बाळाची भूक यांतून एकाची निवड करण्याची पाळी तिच्यावर येते, ती बहुतेक वेळा विकारामुळे नव्हे, तर वेळेवर आणि एकमुखाने सल्ला देणारे कोणी नसल्यामुळे. एवढी उणीव भरून काढणे या महानगराच्या आवाक्याबाहेरचे खचित नाही.