शिवारफेरी, सायकल आणि पाणंदीची वहिवाट

शेतकऱ्याने आपले शेत सोडून हिंडू नये, असे आपल्याकडे मानतात. धनी बांधावर असला म्हणजे पीक सुधारते, हे खरेच आहे. परंतु जो केवळ आपल्याच बांधावर उभा राहतो, त्यास आपल्या शेतीचे गुणदोष ताडून पाहण्यास दुसरे मापच उरत नाही. तेच वाण, तोच पाऊस आणि तशीच जमीन असता शेजारच्या गावी उतारा अधिक का पडतो, हे कळण्यास तेथे जाऊन पाहिले पाहिजे. अशा पाहण्यास सायकलीसारखे साधन नाही. आणि सायकल शिवारातून फिरावयाची तर पाणंदी मोकळ्या पाहिजेत. ह्या दोन गोष्टींचा परस्परसंबंध शेतकरी बंधूंपुढे मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सायकलीवरून दूरचा प्रवास करणे आपल्या प्रांतास नवे नाही. सन १९२३ मध्ये मुंबईचे काही पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले, आणि त्यांपैकी आदि हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा हे तिघे ती पुरी करून १९२८ मध्ये परत आले. तो पराक्रम थोरच होय. परंतु शेतकऱ्यास पृथ्वीप्रदक्षिणेचे प्रयोजन नाही. त्यास दहा-पंधरा मैलांचा फेरा पुरे. पायी चालणाऱ्याचा दिवस दोन गावांतच सरतो. मोटारसायकलीवरून जाणाऱ्याची नजर रस्त्यावर खिळलेली असते, आणि यंत्राच्या आवाजात बांधावरच्या माणसाशी बोलणेही होत नाही. सायकलस्वार मात्र सहज चालत्या गतीने आठ-दहा गावांची शिवारे एका दिवसात पाहतो, वाटेल तेथे पाय टेकून उभा राहतो, आणि ओहोळ आडवा आला तर वाहन खांद्यावर घेऊन पलीकडे जातो.

मावळातील सुदुंबरे हे गाव अशा फेरीस फार सोईचे आहे. सुधा नदीच्या काठचे हे गाव संत संताजी महाराज जगनाडे यांच्या समाधीमुळे महाराष्ट्रास ठाऊक आहे. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे म्हणून संताजींचे नाव आदराने घेतले जाते. जवळच भंडाऱ्याचा डोंगर आणि देहू आहे. दोन्ही बाजूंस डोंगर असले तरी मधले इंद्रायणीचे खोरे बरेचसे सपाट आहे. पुणे ते खंडाळा हा लोहमार्ग १८५८ मध्ये ह्याच खोऱ्यातून सुरू झाला, तो येथला चढ सौम्य म्हणूनच. जेथे आगगाडीस अडचण पडली नाही, तेथे सायकलीस ती पडण्याचे कारण नाही.

ह्या खोऱ्यातील फेरीत शेतकऱ्यास दिसते काय, असे कोणी विचारील. पहिली गोष्ट पावसाची. लोणावळ्यास वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पुणे शहरास सुमारे ७०० मिलिमीटर. हे अंतर चाळीस मैलांच्या आतलेच आहे. सायकलीवरून पूर्वेकडे येऊ लागले म्हणजे भाताची खाचरे कोठे विरळ होतात, बाजरी व ज्वारी कोठे सुरू होते, बांधाची उंची व पाण्याचा निचरा कसा बदलतो, हे सारे क्रमाने डोळ्यांखालून जाते. दुसरी गोष्ट वाणाची. वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ व आय.आर. ८ ह्यांच्या संकरातून काढलेला इंद्रायणी भात १९८७ मध्ये प्रसारित झाला, आणि आज तो मावळाची ओळखच होऊन बसला आहे. एकच वाण एका खाचरात लोळलेले व दुसऱ्यात ताठ उभे दिसले, तर त्याचे कारण खतात आहे, लागणीच्या अंतरात आहे, की पाणी तुंबण्यात आहे, ह्याचा शोध तेथल्या तेथे धन्याशी चार शब्द बोलून लागतो. डॉ. नारायण सावंत यांनी सांगितलेल्या चारसूत्री पद्धतीने, ठराविक अंतरावर चुडांची लागण करून व चौकोनाच्या मध्ये खताच्या गोळ्या खोचून, केलेले शेत एकवार नीट पाहिले म्हणजे दहा व्याख्यानांचे काम होते.

परंतु हे पाहणे व्हावे कोठून? डांबरी सडकेवरून शेती दिसत नाही, गोदामे आणि ढाबे दिसतात. तळेगाव–चाकण रस्त्यावरून कारखान्यांचा माल वाहणाऱ्या अवजड गाड्यांची अखंड रांग चालते. तेथे सायकलस्वाराने पिकाकडे पाहावे की जीव सांभाळावा? शिवार पाहावयाचे तर शिवारातल्या वाटेनेच गेले पाहिजे, आणि ती वाट म्हणजे पाणंद. आमचे दुखणे येथेच आहे. कागदावर गाडीवाट असलेली पाणंद कित्येक गावी आज बैलगाडी जाणार नाही इतकी आखडली आहे. ती कोणी परक्याने खाल्ली नाही. दर नांगरटीस एक तास इकडून व एक तास तिकडून सरकत, आपणच जमीनधारकांनी ती गिळली आहे.

ह्या गिळण्याने लाभ कोणाचा झाला? दोन हात रुंदीच्या पट्टीत पिकून पिकून किती पिकणार! उलट मागील शेतकऱ्यास मळणीयंत्र नेता येत नाही, कापणीच्या दिवसांत मजुरांस भारे डोक्यावरून सडकेपर्यंत आणावे लागतात, आणि वाट नसलेली जमीन विकण्याची पाळी आली तर दलाल सांगेल ती किंमत मुकाट्याने घ्यावी लागते. आज मावळात जमिनीस गिऱ्हाईक दारात उभे असता, अडवलेली वाट ही शेजाऱ्यास जमीन विकावयास लावणारी पहिली ढकल ठरते. मग त्या जागी येणारा नवा मालक तारेचे कुंपण घालून आपलीच वाट अडवील, तेव्हा कोणाकडे दाद मागणार?

इंग्लंडच्या पूर्व भागातील पाणथळ सपाट मुलुखाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. तेथील दलदल सतराव्या शतकात व्हरमायडन नावाच्या डच स्थापत्यज्ञाने मोठमोठे चर खणून कोरडी करण्यास आरंभ केला. तेथे गुरे हाकण्यासाठी व शेतांत जाण्यासाठी रुंद हिरव्या वाटा असत. त्यांस ‘ड्रोव्ह’ म्हणतात. ती आपली पाणंदच होय. गुरांचे तांडे गेले, तरी ह्या वाटांपैकी पुष्कळ वाटा आजही रहदारीस मोकळ्या आहेत, आणि त्यांवरून व चरांच्या भरावांवरून लोक सायकलीने हिंडतात. पाणी काढून टाकल्याने तेथील काळी कुजकट माती आक्रसली. होम गावापाशी १८५१ च्या सुमारास जमिनीत पुरलेला लोखंडी खांब आज सुमारे चार मीटर उघडा पडला आहे. जमिनीचे असे हाल डोळ्यांनी दिसतात, कारण तेथपर्यंत जाण्यास वाट आहे. जेथे वाटच नाही, तेथे जमिनीचे बरेवाईट धन्यावाचून कोणासच कळत नाही.

वाट टिकते ती कागदाने नव्हे, वहिवाटीने. देहूहून पंढरीची वाट शतकानुशतके मोडली नाही, कारण दरवर्षी तिजवर पावले पडतात. ज्या पाणंदीने कोणी जात नाही, तिच्यावर प्रथम घाणेरी माजते, मग कुंपण सरकते, आणि शेवटी नांगर फिरतो. यास्तव आमचे म्हणणे असे की, प्रत्येक गावच्या शेतकऱ्यांनी व विशेषतः तरुणांनी सायकलींवरून आपल्या व शेजारच्या गावच्या पाणंदींनी नियमाने शिवारफेरी करावी. तिने ज्ञान वाढेल ते वाढेलच. शिवाय वाट चालती राहील.

ह्यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, वाट मोकळी केली तर शहरातील हौशी लोक येतील, आंबे तोडतील, बाटल्या फोडून टाकतील. ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु नासधूस करणारा मोटार घेऊन सडकेने येतोच. वाट बंद करून त्यास आळा बसत नाही, शेजाऱ्यास मात्र बसतो. येणाऱ्यास ग्रामसभेने नियम घालून द्यावेत. आणि जो आपला तांदूळ कोणत्या खाचरात पिकतो हे सायकलीवरून येऊन पाहील, तो उद्या तोच तांदूळ दलालाविना विकत घेण्याचाही संभव आहे. दुसरा आक्षेप चिखलाचा. पावसाळ्यात भातखाचरांच्या कडेने चाक रुतते हे खरे. पण दोन्ही बाजूंस चर काढून मध्ये मुरूम टाकला म्हणजे पाणंद बरेच दिवस चालती राहते, आणि त्याच चराने खाचरांतील जादा पाण्यासही वाट मिळते.

कायदा ह्या कामी आपल्या पाठीशी आहे. गावनकाशावर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने व पाऊलवाट एकेरी तुटक रेषेने दाखविलेली असते. पूर्वापार वाट कोणी अडविल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ अन्वये तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र ती अडविल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागितली पाहिजे. वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून वाट मागता येते. पाणंदी बांधून घेण्यासाठी सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजनाही जाहीर केली. परंतु कज्ज्याने मिळालेली वाट वैराची असते. तहसीलदाराकडे जाणे हा शेवटचा उपाय. पहिला उपाय नव्हे.

म्हणून सूचना अशी. भाताची झोडणी उरकल्यावर मार्गशीर्षात एक दिवस ठरवावा. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल आणावी, गावातील खातेदारांनी सायकली घेऊन नकाशातील प्रत्येक तुटक रेषेवरून प्रत्यक्ष जावे, आणि जेथे उतरून चालावे लागेल तेथे खूण करावी. त्या खुणेच्या दोन्ही बाजूंचे खातेदार सोबत असतीलच; तेथेच उभे राहून कोणाचा नांगर किती सरकला हे समजुतीने मिटवावे. आरंभ ज्याची जमीन अधिक त्याने करावा. मोठ्याने दोन हात मागे घेतले, की लहानास चार बोटे सोडणे जड जात नाही.