लाल काचेची नळी आणि बंद व्हॉल्व्ह

सिनेमात तुम्ही हे शंभर वेळा पाहिलं असेल. हिरो लायटर छताकडे धरतो आणि अख्ख्या मजल्यावर धो धो पाऊस सुरू होतो! मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षापर्यंत मलाही ते खरंच वाटायचं. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत एका फायर फायटिंग कॉन्ट्रॅक्टरकडे ट्रेनिंगला गेलो, आणि पहिल्याच दिवशी हातावर एक स्प्रिंकलर ठेवून साहेब म्हणाले, "सांग, हा चालतो कसा?" मी गप्प. थर्मोमध्ये फर्स्ट क्लास असून!

त्याच्या मधोमध बोटाच्या पेराएवढी काचेची नळी असते आणि तिच्यात रंगीत द्रव. उष्णतेने द्रव प्रसरण पावतो, नळी फुटते, पाणी सुटतं. लाल नळी ६८ अंशांना फुटते, पिवळी ७९ ला, हिरवी ९३ ला. धूर, सिगारेट यांच्याशी तिचं काही देणंघेणं नाही. आणि जी नळी तापेल तेवढीच फुटते, बाकीचे स्प्रिंकलर कोरडेच राहतात. बॅटरी नाही, सेन्सर नाही, सॉफ्टवेअर तर नाहीच. इतकं साधं यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

आता नियमांकडे येऊ. आपल्याकडे आयएस १५१०५ हे मानक २००२ पासून आहे. साधारण धोक्याच्या जागेत एका स्प्रिंकलरने फार तर १२ चौरस मीटर जागा सांभाळायची आणि तिथे मिनिटाला ५ मिलिमीटर पाणी पडायला हवं. म्हणजे एका डोक्यातून मिनिटाला ६० लिटर. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २००५ च्या आवृत्तीत १५ मीटरपेक्षा उंच अशा बिगरनिवासी इमारतींना सगळ्या मजल्यांवर स्प्रिंकलर सांगितले होते. फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी ८०० मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर त्या पोकळीतही! २०१६ ची आवृत्ती तर आणखी सविस्तर आहे. तेव्हा मोठी आग लागली की "नियम कडक करा" असा जो ओरडा होतो, तो मला पटत नाही. नियम पुरेसे कडक आहेत. ते पाइपातून खाली उतरत नाहीत, एवढंच.

ट्रेनिंगच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही एका व्यापारी संकुलात सर्व्हिसिंगला गेलो. (नाव सांगत नाही.) तिसऱ्या मजल्यावर भाडेकरूने नवं फॉल्स सीलिंग घातलं होतं आणि स्प्रिंकलर सगळे त्याच्या वर राहिले होते. खाली आग लागली तर त्यांना उष्णता पोचणार उशिरा, आणि पाणी पडणार पीओपीवर. शेजारच्या दुकानाच्या गोदामात खोके थेट छताला टेकलेले. स्प्रिंकलरखाली साधारण अर्धा मीटर जागा मोकळी नसेल तर पाणी पसरणार कुठे? पेंटरने तर काही नळ्याही भिंतीबरोबर पांढऱ्या करून टाकल्या होत्या.

पण खरी गंमत तळघरात होती. मुख्य व्हॉल्व्ह बंद! वॉचमन काका म्हणाले, "दिवाळीच्या आधी सुताराची शिडी लागून एक नळी फुटली, शोरूममध्ये पाणी झालं. तवापासून बंद ठिवलाय." पंप मॅन्युअलवर, कारण ऑटोवर सारखा चालू-बंद व्हायचा. म्हणजे वर शेकडो स्प्रिंकलर आणि त्यांच्यामागे पाण्याचा एक थेंब नाही.

मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "रिपोर्टमध्ये नको, मी तोंडी बोलतो. कॉन्ट्रॅक्ट जाईल." चेकलिस्ट माझ्या हातात होती. "मुख्य व्हॉल्व्ह – उघडा" या ओळीसमोर मी बरोबरची खूण केली. हे लिहिताना अजूनही हात जड होतो. साहेब तोंडी बोलले की नाही, ते मी विचारलं नाही.

बंद व्हॉल्व्हने काय होतं याची कल्पना करता येते. पण चालू पाइपाने काय होतं, ते फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझामध्ये दिसलं. २३ फेब्रुवारी १९९१. ३८ मजली इमारत, २२ व्या मजल्यावर तेलाच्या चिंध्यांनी पेट घेतला. जवानांच्या नळीला पुरेसं प्रेशर मिळेना, कारण स्टँडपाइपवरचे प्रेशर कमी करणारे व्हॉल्व्ह चुकीचे सेट केलेले. तीन जवान गेले. आग एकेक मजला खात वर चढत राहिली आणि तिसाव्यावर थांबली. तिथल्या भाडेकरूने स्प्रिंकलर बसवून घेतले होते. आग अडवली त्यातल्या फक्त दहा डोक्यांनी.

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. २००८ पासून तो लागू झाला. मालक किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीचं देखभालीचं प्रमाणपत्र द्यायचं. कल्पना उत्तम! पण एजन्सीला पैसे देणार तोच मालक. माझ्या मते प्रमाणपत्राबरोबर आकडे मागावेत. व्हॉल्व्ह उघडा ठेवून साखळी-कुलूप लावलंय त्याचा फोटो, पंप आपोआप किती प्रेशरला सुरू झाला, टेस्ट व्हॉल्व्ह उघडल्यावर घंटा किती सेकंदांनी वाजली. खूण करायला पेन पुरतं, आकडा लिहायला मात्र तळघरात उतरावं लागतं. खोटा आकडाही लिहिता येतो, मान्य. पण मागच्या सहामाहीशी जुळवताना तो पकडता येतो.

आणि दुसऱ्यांच्या इमारतींबद्दल बोलताना आपलंही बघू. हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या होज बॉक्समध्ये सध्या दोन स्टंप आणि एक केरसुणी आहे. (स्टंप ज्याचे असतील त्याने न्यावेत.) आपल्या नव्या प्रशासकीय इमारतीत स्प्रिंकलर आहेत, पण त्यांचा टेस्ट व्हॉल्व्ह कोणी उघडल्याचं मेंटेनन्सच्या मामांना आठवत नाही. रजिस्ट्रार सरांनी परवानगी दिली आहे. येत्या शनिवारी सकाळी दहाला आम्ही चौघं मामांबरोबर गच्चीखालच्या मजल्यावर जाणार आहोत. यायचं असेल त्याने हॉस्टेलच्या बाथरूममधली बादली घेऊन यावं. हिशेबाने ती वीस सेकंदांच्या आत भरायला हवी.