कोषाचा भाव आणि बीजिंग

हा अंक आम्ही भारत-चीन संबंधांवर काढत आहोत. धाराशिवच्या वाचकांना बीजिंगशी काय देणंघेणं, असं कुणाला वाटेल. पण ज्यांच्या शेतात तुती आहे, त्यांना ते पुरतं ठाऊक आहे. सोयाबीन भाव येईपर्यंत घरात ठेवता येतं, रेशमाचा कोष नाही. आतला पतंग कोष फोडून बाहेर पडला की सलग धागा तुटतो. म्हणून माल लगोलग जालन्याच्या किंवा थेट रामनगरच्या बाजारात न्यायचा आणि मिळेल तो भाव घ्यायचा. या भावावर चिनी कच्च्या रेशमाचा दाब असतो. २०११ साली त्यावरचं आयातशुल्क ३० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं, २०१३ मध्ये ते १५ टक्के झालं. असे निर्णय घेताना कोष उत्पादकाला विचारलंच पाहिजे, असं आमचं ठाम मत आहे.

१९५० साली दोन्ही देशांत राजनैतिक संबंध जुळले. पुढे १९६२ चं युद्ध आलं, २०२० मध्ये गलवानची चकमक घडली. या सगळ्याच्या आधी, १९३८ साली, शेजारच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चिनी जखमींची सेवा करायला गेले होते. सरकारांच्या करारांइतकीच जागा आम्ही या अंकात अशा माणसांना दिली आहे. रेशीम उत्पादकांनो, विणकरांनो, व्यापाऱ्यांनो, तुमचा अनुभव आम्हाला जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात तो छापू.