मापे झाली, शिलाई कुठे?

चाचण्या नकोतच, असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 2023-24 मध्ये नियतकालिक मूल्यांकन चाचणी सुरू केली: प्रथम भाषा, गणित, इंग्रजी, दहा माध्यमे, वर्षातून तीनदा. उर्दू शाळेतल्या पोराला इतरांच्याच मापाने मोजले जावे, हे आम्हाला हवेच आहे. ‘आपली मुले बरी शिकताहेत’ या आपल्या समाजाच्या भाबड्या समजुतीला आकडाच उत्तर देतो.

पण माप घेतल्यावर कपडा शिवायचा असतो. आम्ही पेपर तपासतो, गुण चॅटबॉटवर भरतो, तोवर पुढची चाचणी येते. पुण्यातल्या घरात दखनी बोलणारे मूल किताबी उर्दूतल्या शाब्दिक उदाहरणाशी अडते आणि कागदावर गणितात कच्चे ठरते. त्याला भाषा अडली की हिशेब, हे गुणांची बेरीज सांगत नाही. वर्गातला शिक्षक सांगू शकतो. त्याला विचारतो कोण?

आमची मागणी साधी आहे. तीनातली एक चाचणी कमी करा, तो वेळ मागे पडलेल्यांना शिकवायला द्या. आणि गुणांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना ठेवा: या मुलासाठी पुढे काय केले? तो आमच्याकडूनही भरून घ्या, वरच्यांकडूनही.