दोन अक्षरांवरचा रुमाल

एस्टीच्या थांब्यावर वाढलेल्या मराठी माणसाला रुमालाचे शास्त्र समजावून सांगावे लागत नाही. गाडी लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल आत पडतो आणि जागा धरली जाते. या रुमालाला कायद्याचा आधार नाही. तरी आपण तो मानतो, कारण त्याच्यामागून त्याचा मालक धापा टाकीत येणार आणि त्या जागेवर बसणार, हे आपल्याला ठाऊक असते. आता समजा, एकाच इसमाने चाळीस खिडक्यांतून चाळीस रुमाल टाकले, स्वतः गाडीत चढलाच नाही, आणि खाली उभा राहून एकेक जागा विकू लागला, तर? प्रवासी त्याचे काय करतील, ते दिवाळी अंकात लिहिण्याजोगे नाही.

गेल्या पाडव्याला माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला होता. चकली मोडता मोडता म्हणाला, "सर, हल्ली मी नावे धरतो. इंटरनेटवरची, अगदी लहान लहान. दोन अक्षरी मिळाले तर सोनेच!"

"आणि त्या नावांवर करतोस काय?"

"काहीच नाही. गिऱ्हाईक येईपर्यंत थांबतो." मग थोडे थांबून, माझ्या कपाटाकडे पाहत तो म्हणाला, "सर, तुम्ही तीनशे पानांची कादंबरी लिहिलीत. मी दोन अक्षरे लिहितो. कोणाला जास्त मिळते, विचारू नका."

मी विचारले नाही. पण तो गेल्यावर मला स्वस्थ बसवेना.

वाचकहो, हा धंदा समजून घ्या. इंटरनेटवरच्या पुष्कळ पत्त्यांच्या शेवटी एका टिंबानंतर देशाची दोन रोमन अक्षरे असतात. आपली आय-एन. ही अक्षरे देशांच्या एका आंतरराष्ट्रीय यादीतून आली. ती यादी प्रथम 1974 साली निघाली. टिंबाच्या अलीकडे आपले नाव. रोमन अक्षरे 26. म्हणजे एका देशाखाली एक अक्षरी नावे 26 आणि दोन अक्षरी 676. एवढीच. देवाने जमीन मोजून दिली तशी गणिताने ही नावे मोजून दिली आहेत, आणि मोजक्या वस्तूभोवती दलाल जमणारच.

पण किंमत अक्षरांना असते का? 2010 साली अमेरिकेतील ओव्हरस्टॉक या कंपनीने कोलंबियाच्या सी-ओ या खुणेखालचे 'ओ' हे एक अक्षर 3,50,000 डॉलरना घेतले. पुढे त्याची जाहिरात केली, ओकलंडच्या क्रीडांगणालाही तेच नाव दिले. झाले काय, तर गिऱ्हाईके सवयीने 'ओ डॉट कॉम' शोधत भलतीकडे जाऊ लागली, आणि 2011 मध्येच कंपनीला आपले जुने लांबलचक नाव पुन्हा पुढे करावे लागले. नाव लहान असल्याने मोठे होत नाही. ते वागवणाऱ्याच्या कष्टाने मोठे होते. हे आमच्या हजेरीपटावरच्या मुलांनाही कळते.

धंदेवाले यावर म्हणतात, "आम्ही जोखीम घेतली, वर्षानुवर्षे फी भरली. बाजारात मागणी आहे, आम्ही विकतो. तुमचे काय गेले?" माझे काही गेले नाही. पण ज्यांचे गेले, त्यांची गोष्ट ऐका.

हिंदी महासागरात चागोस नावाची बेटे आहेत. 1968 ते 1973 या काळात ब्रिटिश सरकारने तेथील सर्व रहिवाशांना घरादारांतून उठवले आणि मॉरिशस व सेशेल्सला नेऊन सोडले. कारण दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. माणसे गेली, आणि त्या ओसाड केलेल्या प्रदेशाच्या नावे 1997 साली आय-ओ ही खूण इंटरनेटवर सुरू झाली. संगणकवाल्यांना ती फार आवडली, कारण त्यांच्या परिभाषेत आय-ओ म्हणजे आत येणारी आणि बाहेर जाणारी माहिती. आत आणि बाहेर! ज्यांना बाहेर काढले आणि पुन्हा आत वसू दिले नाही, त्यांच्या भूमीच्या खुणेला हा अर्थ लाभावा, यापरती क्रूर थट्टा कोणती? पुढे त्या खुणेखालच्या लहान नावांचे सौदे झाले. 2024 साली ब्रिटनने बेटे मॉरिशसला देण्याचे जाहीर केले, आणि 22 मे 2025 रोजी करारावर सह्या झाल्या. तेव्हाही व्यापारी मंडळींत काळजी कसली? तर आय-ओ ही खूण टिकेल की जाईल, याची! माणसे परत जातील का, ही नव्हे.

याउलट तुवालू पाहा. जेमतेम अकरा हजार वस्तीचा, समुद्राने वेढलेला देश. पण त्याची खूण निघाली टी-व्ही. 2000 साली त्याने बारा वर्षांत 5 कोटी डॉलर मिळण्याच्या बोलीवर ती वापरायला दिली, आणि त्याच वर्षी तो संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला. कॅरिबियनमधील अँग्विला बेटाची खूण ए-आय. कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली आणि 2023 साली तेथील सरकारी उत्पन्नाचा पाचव्याहून अधिक हिस्सा या दोन अक्षरांच्या फीमधून आला. या देशांना मी दोष देत नाही. आपल्या अंगणातल्या झाडाचे आंबे त्यांनी विकले. माझा राग आहे तो कुंपणावर बसून, झाडाला पाणी न घालता, एकेक आंबा आपल्या नावे लिहून ठेवणाऱ्यावर. पुनर्विक्रीचा पैसा त्याच्या आणि दलालाच्या खिशात जातो. देशाच्या वाट्याला येते ती नेहमीची फी.

1994 साली जॉन पोस्टेल या इंटरनेटच्या आद्य कारभाऱ्याने लिहून ठेवले की देशांच्या या खुणा सांभाळणारे हे विश्वस्त आहेत. येथे मालकी हक्काची भाषा गैर, जबाबदारीची आणि सेवेची भाषा योग्य. विश्वस्ताच्या देवळात दलालांनी दुकाने मांडली, तर दोष केवळ दलालांचा नाही.

म्हणून माझे साधे म्हणणे असे. नाव घेऊन त्यावर कोणी दुकान, शाळा, वृत्तपत्र काही उभारले आणि पुढे विकले, तर त्याला खुशाल नफा होवो. पण नुसते अडवून ठेवले, तर फी दरसाल वाढत जावी. आणि विकलेच, तर नफ्याचा मोठा वाटा ज्या भूमीची ती खूण, तिथल्या माणसांना मिळावा. चागोसवासीयांना तर आधी मिळावा.

माझा विद्यार्थी वाईट नाही. त्याला मी शुद्धलेखन शिकवले. प्रत्येक अक्षराला मोल असते, असे वर्गात शंभरदा सांगितले. त्याने ते अक्षरशः घेतले, ही माझ्याच शिकवण्यातली खोट. यंदाच्या पाडव्याला तो येईल तेव्हा चकलीची बशी पुढे करून मी त्याला एवढेच सांगणार आहे, "अरे, रुमाल टाकलास ना? मग एकदा गाडीत चढून बस तरी. नाही तर उचल तो रुमाल. मागे एक म्हातारी केव्हाची उभी आहे."